हात मोकळा असेल तेव्हा

हे बघ पोरी, दुकानाची गादी आता तुझी. दिवाळी अंकांच्या संचाची आगाऊ नोंदणी यंदा तूच करणार. आधी पोस्टकार्डं आणि मग ईमेल पाठवून मला जे उमगलं, ते गाठीशी ठेव.

मेल वाचायला डोळे पुरतात, पण अंक मागवायला हात मोकळे लागतात. सकाळी आठला आपला वाचक लोकलच्या गर्दीत असतो. मेल बघतो, ‘नंतर करू’ म्हणतो आणि विसरतो. यादीतून अंक निवडायचे, पत्ता घालायचा, पैसे भरायचे, म्हणजे दहा निवांत मिनिटं हवीत. मला ती दुपारच्या डब्यानंतर किंवा रात्री जेवणं उरकल्यावर सापडली.

पण माझंही डोळे झाकून ऐकू नकोस. वाचकांच्या यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग कर. मजकूर तोच, विषयाची ओळ तीच, फक्त वेळ वेगळी. तीन-चार खेपा ताडून बघ. मात्र मेल किती जणांनी उघडला यावर विसंबू नकोस. 2021 पासून अॅपलच्या मेलमध्ये वाचकानं न बघताही पत्र उघडल्याची नोंद होऊ शकते. नोंदणी किती आली, ते मोज.

वेळ कुठलीही ठरव, पण तासाच्या ठोक्याला पाठवू नकोस. बँका, विमेवाले, सेलवाले तेव्हाच तुटून पडतात. रात्री दहा ठरवलेस, तर दहा वाजून सतरा मिनिटांनी पाठव.

घड्याळाइतकंच पंचांग बघ. एकदा मी गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी मेल सोडला. घरोघरी मखर बांधणं चाललेलं, दारात फुलवाला उभा. कोण बघणार? पितृपक्षात अनेक घरं खरेदी टाळतात. तेव्हा अंकात कोण लिहितंय, विषय काय, एवढंच सांग. मागणीचा मेल घटस्थापनेनंतर, आणि पगार झाल्यावरच्या आठवड्यात जमला तर सोन्याहून पिवळं.

परदेशातल्या वाचकांची यादी वेगळी ठेव. आपण रात्री नऊला पाठवलं, तर ऑक्टोबरात न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात, माणूस कामात. त्याच्या रात्रीच्या नऊला पोचवायचं तर आपल्याकडे सकाळी साडेसहाला पाठव. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं, मग साडेसात.

आणि त्यांना इथल्यांच्या बऱ्याच आधी कळव, पार्सलला समुद्र ओलांडायचा असतो. एका वर्षी मी सगळ्यांना एकाच दिवशी कळवलं. तिकडच्या एका जुन्या वाचकाचं उत्तर आलं, ‘अंक मिळाले, पण फराळ संपला.’

त्या वर्षापासून मी मेल कधी सोडायचा हे ठरवताना, अंक त्या घरी कधी उघडला जाईल, तिथून उलटे दिवस मोजतो. तूही तसेच मोज.