आठवा फ्रेट, सातवा फ्रेट



मामांचा डावा हात आता चालत नाही, म्हणून त्यांची हवाईयन गिटार कळंब्याला माझ्या रूमवर आली. त्यांनी जन्मभर सिनेमाच्या चाली वाजवल्या. मला हवा होता जॅझ, गोव्याच्या चिक चॉकलेटने ट्रम्पेटवर वाजवला तो.

अडचण अशी की स्टीलचा बार सरळ, सगळ्या तारा एकदम सरकतात. पेडल स्टीलमध्ये पायाने एखादीच तार चढवता-उतरवता येते, पण ती आपल्या खिशाबाहेरची. मग?

जाड तारेपासून सी, ई, जी, ए, सी, ई असं लावून घ्या. वाजवायचंय डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. अख्खे कॉर्ड विसरा, फक्त पहिली (बारीक) आणि तिसरी तार छेडा. आठव्या फ्रेटवर बार सरळ : एफ आणि सी, हा डी मायनर. आता बारचं टोक खुंट्यांकडे तिरकं करा, पहिली तार सातव्यावर : एफ आणि बी, जी सेव्हन! ही जोडी या ट्यूनिंगमध्ये सरळ बारवर कुठेच सापडत नाही. शेवटी तिसरीही सातव्यावर : ई आणि बी. पोचलो घरी. दर वेळी एकच सूर अर्ध्याने उतरतो.

मग मेट्रोनोम ६० वर. कॉर्डला चार ठोके, मधे मनाला येईल ते वाजवा, पण पहिल्या ठोक्याला यापैकी एका सुरावर या.

रविवारी मामांना फोनवर ऐकवलं. म्हणाले, "तिरकं केलंस की बी चढतोय रे. टोक अजून मागे घे."

खरंच चढत होता.