काचेखालचा गंज

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मागच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग फुगलाय आणि पाऊस झाला की डिकीत पाणी येतं. गॅरेजवाला म्हणतो, पुटी भरून रंग मारतो, दोन दिवसांत गाडी न्या. मारू देऊ का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अजिबात नको. रंग फुगलेला दिसतो तेव्हा आत, रबराखाली, गंजानं आधीच बस्तान बसवलेलं असतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो रंग उचलतो. त्यावर पुटी थापली तर ती ओल धरून ठेवते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच भोक पडतं.

पद्मिनीची काच चिकटवलेली नसते. पत्र्याच्या कडेवर रबर चढवलेलं असतं आणि रबराच्या खाचेत काच. उन्हानं रबर कडक होतं, आकसतं, कोपऱ्यात फट पडते. पाणी आणि धूळ तिथून शिरून खालच्या कडेवर साचतात. त्यात तुमच्याकडचा खारा वारा! मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ऊन पडलं तरी ती कड लवकर सुकत नाही.

म्हणून काच काढायलाच हवी. मागची काच टफन्ड असते; कडेला स्क्रूड्रायव्हर लागला तर क्षणात तिचे खडे होतात. जुनं रबर वाचवायच्या भानगडीत न पडता ते ब्लेडनं कापा. मग वायर ब्रशनं घासून चकचकीत पत्रा दिसू द्या. खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. पत्रा चाळणी झाला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करा. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंग, तोही थेट रबराखालच्या कडेपर्यंत. बरेच पेंटर नेमकी तीच कड सोडतात, कारण ती दिसत नाही. नुसतं रेड ऑक्साइड मारून काच बसवू देऊ नका, ते पाणी पूर्ण अडवत नाही.

काच बसवताना रबर आधी काचेवर चढवतात, त्याच्या बाहेरच्या खाचेत सुतळी फिरवतात आणि साबणाचं पाणी लावतात. एकानं बाहेरून तळव्यानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून सुतळी ओढायची. रबराचा ओठ आपसूक पत्र्यावर चढतो. फटीत न सुकणारा काचेचा सीलंटच भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र नको, त्यातलं अॅसिटिक अॅसिड पत्रा खातं.

पुढे काळजी फारशी नाही. कोपऱ्यातला पाचोळा काढत जा आणि ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका.

हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. आणि नवं रबर हातात पडल्याशिवाय जुन्याला ब्लेड लावू देऊ नका. या गाडीचं उत्पादन केव्हाच थांबलंय, रबर शोधायला वेळ लागू शकतो.