घसादुखी आणि हृदयाची झडप

पनवेल तालुक्यातील तळोजा आता केवळ खेडे राहिलेले नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे वाढली, सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, २०१६ साली हा भाग पनवेल महानगरपालिकेत आला आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रोही धावू लागली. कामाच्या शोधात दूरदूरची कुटुंबे येथे आली. त्यांपैकी अनेकांचा संसार एकाच खोलीत चालतो. अशा खोलीत एका मुलाचा घसा धरला की दोन-चार दिवसांत भावंडांचाही धरतो. खोकताना, शिंकताना व बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतूंचा प्रसार होतो आणि दाटीची वस्ती त्याला पोषक ठरते. चुलीचा व विडीचा धूर आणि हवेतील धूळ यांनी घसा हुळहुळा होतो, हे खरे. परंतु संसर्ग होतो तो जंतूंमुळेच.

लहान मुलास वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे ही फारशी चिंतेची बाब नव्हे. यांतील बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात आणि आठवडाभरात मूल बरे होते. या आजारावर प्रतिजैविक औषधांचा उपयोग होत नाही. कोमट पाणी, पातळ आहार, विश्रांती, तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेले औषध आणि जाणत्या मुलास मिठाच्या पाण्याच्या गुळण्या एवढे पुरते. तापात मुलांना ॲस्पिरीन मात्र देऊ नये.

तथापि, शाळकरी वयातील घसादुखीच्या साधारणतः चार प्रसंगांपैकी एकाचे कारण निराळे असते. स्ट्रेप्टोकॉकस जातीचा जंतू घशात शिरला म्हणजे एकाएकी ताप चढतो, गिळताना तीव्र वेदना होतात, टॉन्सिल सुजून त्यांवर पांढुरके ठिपके दिसतात, गळ्याच्या पुढील बाजूस दुखऱ्या गाठी येतात. आणि विशेष म्हणजे सर्दी-खोकला बहुधा नसतो. केवळ लक्षणांवरून खात्री होत नाही, घशातील स्रावाची तपासणी करावी लागते. अशा मुलास डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तर पुढील अनर्थ टळू शकतो.

हा अनर्थ म्हणजे संधिज्वर. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचे गुडघे, घोटे, कोपरे आळीपाळीने सुजतात, पुन्हा ताप येतो. जंतूशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली शक्ती येथे शरीरावरच उलटलेली असते. सांध्यांची सूज ओसरते. परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा मागे राहू शकते. प्रत्येक नव्या संसर्गागणिक ती वाढते आणि काही वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागली की तेव्हा कोठे तिचा उलगडा होतो. पाच ते पंधरा वर्षे हे या रोगाचे मुख्य वय. दाट वस्ती आणि अपुरे उपचार असतील तेथे तो अधिक आढळतो.

एवढ्या गंभीर रोगाला अटकाव करणारे औषध महागडे नाही. ते पेनिसिलिन होय. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला तो याच औषधाच्या निर्मितीसाठी. अनेक जंतू औषधांना दाद देईनासे झाले असले, तरी घशातील हा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला शरण येतो. तोंडावाटे औषध दिल्यास ते पूर्ण दहा दिवस द्यावे लागते. नेमकी येथेच चूक होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि अर्धी बाटली फळीवर जाते. पुढच्या वेळी घसा दुखला की तीच काढली जाते. पाणी मिसळलेले हे औषध थोडेच दिवस टिकते, आणि अर्धवट उपचाराने जंतू घशात तसाच राहतो. डॉक्टरांनी एकच इंजेक्शन देण्याचा पर्याय सुचविल्यास, पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे पालकांनी आवर्जून सांगावे.

टॉन्सिल काढून टाकले की कटकट मिटेल, असा समज अजून आढळतो. टॉन्सिल बालपणी मोठे असतात व वयानुसार आकसतात. केवळ मोठे दिसतात म्हणून ते कापण्याचे कारण नाही. एका वर्षात सात, सलग दोन वर्षे प्रत्येकी पाच किंवा सलग तीन वर्षे प्रत्येकी तीन वेळा तीव्र घसादुखी झाल्याची नोंद असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. झोपेत श्वास अडखळत असेल तर गोष्ट वेगळी. सबब प्रत्येक आजाराची तारीख, ताप व दिलेले औषध वहीत लिहून ठेवावे. घशात राखाडी, चिकट पडदा दिसल्यास मात्र घटसर्पाची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. या रोगावरील लसीच्या मात्रा दीड, अडीच व साडेतीन महिन्यांस आणि पुढे सोळा ते चोवीस महिने व पाच-सहा वर्षे या वयात शासकीय केंद्रांतून मोफत मिळतात.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ पालघर येथून झाला. त्याअन्वये अंगणवाडी व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी होते आणि संधिज्वरजन्य हृदयविकारही तिच्या यादीत आहे. तपासणी पथकाने पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अन्यत्र जाण्याची चिठ्ठी दिली, तर मूल धडधाकट दिसते म्हणून ती बाजूला ठेवू नये. ज्याला संधिज्वर होऊन गेला आहे, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन घ्यावे लागते: हृदय शाबूत असले तरी किमान पाच वर्षे, झडपेस इजा झालेली असल्यास दहा वर्षे वा अधिक. तळोज्यासारख्या ठिकाणी याची खरी अडचण स्थलांतराची आहे. ठेका संपतो, कुटुंब गावी जाते आणि इंजेक्शनची तारीख चुकते. निघण्यापूर्वी उपचाराचा कागद व पुढील तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि गावी पोहोचताच तो कागद जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा.