वीज पडली म्हणे येऊरवर

मे महिन्यातली उकाड्याची रात्र. ठाण्यात पोखरण रस्त्याच्या बाजूला चौदाव्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ गॅलरीत वारा खात उभे होते. समोर येऊरचा डोंगर काळा, नुसता आकार दिसणारा. क्षितिजावर वीज चमकत होती, पाऊस मात्र नावालाही नव्हता. तासाभराने त्याच डोंगराच्या उतारावर एक लाल ठिपका उमटला. बघता बघता ठिपक्याची रेघ झाली, आणि रेघ वर सरकू लागली.

गृहस्थांनी क्षणात निष्कर्ष काढला. वीज चमकली, डोंगर पेटला, म्हणजे वीज पडून वणवा लागला. त्यांनी चित्रफीत काढली, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि खाली लिहिले, ‘येऊरवर वीज पडली! वणवा!’ अर्ध्या तासाने हाच निरोप डोंबिवलीच्या वहिनींकडून त्यांनाच परत आला. वाटेत त्याला एक बिबट्या आणि हवाई दलाचा तळ येऊन चिकटला होता. हे सगळे होईपर्यंत पस्तीस मिनिटे उलटली होती आणि एकाही शहाण्याने कुठेही फोन केला नव्हता.

हे गृहस्थ म्हणजेच प्रस्तुत लेखक. स्वतःची फजिती सांगताना तृतीय पुरुषाचा आडोसा बरा पडतो.

शेवटी अग्निशमन दलाला फोन लागला तेव्हा पलीकडून शांत आवाजात विचारणा झाली, “नेमकं कुठे?” लेखक म्हणाले, “डोंगरावर.” “कुठल्या बाजूला? खाली रस्ता कुठला? पाडा कुठला?” लेखकाला त्या डोंगराची सूर्यास्ताची छायाचित्रे पाठ होती, पण एका पाड्याचे नाव सांगता आले नाही. ठिकाण शोधण्यातच बराच वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखक येऊरला गेले. जळालेल्या पट्ट्यावर अजून धग होती. तिथल्या वनरक्षकाला त्यांनी मोठ्या अधिकाराने विचारले, “वीज कुठे पडली?” तो खाली बघत चालत राहिला. पायवाटेला लागून एका जागी तीन दगडांची चूल होती, शेजारी चुरगळलेले ॲल्युमिनियमचे कागद आणि फुटलेली बाटली. काळा पट्टा तिथून सुरू होऊन चढावर पंख्यासारखा रुंद होत गेला होता. “साहेब, वीज पडली तर झाड फाटतं,” तो म्हणाला. “इथं एक तरी झाड फाटलेलं दाखवा.” मग त्याने विचारले, “आणि गडगडाट ऐकला का तुम्ही?”

नव्हता ऐकला.

इथेच सगळा उलगडा होता, आणि तो शाळेत शिकलेल्या गणितातला होता. आवाज एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद घेतो. पेटलेला उतार गॅलरीपासून फार तर तीन किलोमीटर. तिथे वीज पडली असती तर नऊ-दहा सेकंदांत खिडक्यांची तावदाने हादरली असती. चमक दिसते पण गडगडाट अजिबात येत नाही, तेव्हा वीज बहुधा पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडची असते. म्हणजे ती रात्रीची चमक दूर कुठेतरी सह्याद्रीच्या घाटमाथ्याकडची होती. येऊरशी तिचे काही देणेघेणे नव्हते.

विजेने डोंगर पेटतच नाहीत असे मात्र नाही. त्यासाठी जरा लांब, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी डोंगरांत जावे लागेल. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर, जून-जुलैत, ढग खूप उंचावर बनतात आणि खालची हवा इतकी कोरडी असते की पाऊस जमिनीवर पोचायच्या आधीच विरून जातो. वीज मात्र पोचते. खाली वाळलेले गवत, वर कोरडी वीज, आणि विझवायला थेंब नाही. ५ जून २०२० रोजी टूसॉन शहराला लागून असलेल्या सांता कॅटालिना डोंगरात अशाच विजेने आग लागली. ती जुलैपर्यंत धुमसत राहिली आणि जवळजवळ एक लाख वीस हजार एकर जळाले. टूसॉनचे लोक गच्च्यांवर उभे राहून रात्री तो लाल डोंगर बघत होते. ठाणेकरांना हे चित्र ओळखीचे वाटेल, फक्त तिथे कारण खरोखर आभाळातून आले होते.

त्याच ॲरिझोनात २८ जून २०१३ रोजी यार्नेल गावाजवळच्या डोंगरावर वीज पडली. पहिल्या संध्याकाळी आग अर्धा एकरही नव्हती आणि अवघड खडकाळ जागी होती, म्हणून रात्री तिथे माणसे पाठवली नाहीत. ३० जूनला वारा फिरला आणि एकाच तुकडीतले १९ अग्निशामक त्यात गेले.

अशा डोंगरांवर टेहळणीच्या मनोऱ्यात बसणारी माणसे वीज कुठे पडली याची नोंद करतात आणि पुढचे कित्येक दिवस तीच जागा दुर्बिणीने तपासतात. विजेची आग झाडाच्या खोडात, मुळात दबून राहू शकते आणि चांगले ऊन-वारे मिळाले की आठवड्यानेही धूर काढते. विजेच्या आगीची खूण म्हणजे उभे चिरलेले, साल सोललेले झाड, बहुधा उंचवट्यावरचे, आणि त्याच्या बुंध्यापासून सुरू झालेला काळा डाग. आपल्याकडे वीज पडून पेटलेला माड किंवा ताड अनेकांनी पाहिला असेल. शेंड्याला मशाल लागल्यासारखा तो जळतो, पण सोबत पाऊस असतो आणि प्रकरण त्या एका झाडावर मिटते.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात विजांचा खरा जोर जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात. पहिल्या वेळी सर कोसळते, दुसऱ्या वेळी डोंगर हिरवागार असतो. वणव्याचा हंगाम या दोन्हींच्या बाहेरचा, फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतचा, आणि त्यातल्या बहुतेक दिवसांत आभाळ कोरे असते. एप्रिल-मेच्या एखाद्या वळवाच्या वेळी वीज पडून गवत पेटणे अशक्य नाही. पण मुंब्रा, येऊर, मलंगगड, माहुली इथे पेटणाऱ्या गवतामागे जवळपास नेहमी माणूस असतो. विडी-सिगारेटचे थोटूक, दारूच्या बैठकीची चूल, सशा-डुकरांच्या शिकारीसाठी लावलेली आग, मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळणे, गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते ही समजूत. कधी विजेच्या तारांची ठिणगीही असते. ‘वीज पडली’ हे वाक्य तेवढ्यापुरते तरी खरे ठरते!

या अफवेचे नुकसान असे की वीज म्हटले की कोणी चूल शोधायला जात नाही. राखीव वनात आग लावणे हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, पण आभाळावर गुन्हा कोण नोंदवणार? पुढच्या रविवारी तीच मंडळी तेच तीन दगड मांडतात. अंबरनाथ तालुक्यात मांगरूळच्या टेकडीवर २०१७च्या पावसाळ्यात लोकांनी एक लाख रोपे लावली होती. पुढे त्या वनराईला पुन्हा पुन्हा आगी लागल्या. तिथे कोणी विजेचे नाव घेतले नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

आता प्रश्न ओळखण्याचा. आपल्या भागात दिसणारा प्रत्येक धूर वणव्याचा नसतो. डोंबिवलीकर काळा धूर दिसला की आधी एमआयडीसीकडे बघतो. मे २०१६ आणि मे २०२४चे स्फोट ज्यांनी ऐकलेत त्यांना यात काही चूक वाटणार नाही. रसायने, प्लास्टिक, टायर यांचा धूर काळा आणि घट्ट असतो. कचराभूमीचा धूर जमिनीलगत लोळतो आणि दिसण्याआधी नाकाला कळतो. आधारवाडीची कचराभूमी २०२१ साली बंद होईपर्यंत कल्याणकरांनी तो वर्षानुवर्षे ओळखला. शिळफाट्याच्या बाजूला खदानीचा सुरुंग उडाला की धुळीचा लोट एकदम उठतो आणि काही मिनिटांत बसतो. वाळल्या गवताचा धूर पांढरट-करडा असतो, एकाच बुडातून सतत येत राहतो आणि वर जाऊन वाऱ्याबरोबर वाकतो. दुपारनंतर आपल्याकडे वारा खाडीवरून, पश्चिमेकडून येतो. त्यामुळे मुंब्र्याचा धूर दिवा-डोंबिवलीवर तरंगतो आणि लोक भलत्याच टेकडीचे नाव घेतात. धुराचे डोके नाही, बूड बघायचे.

रात्री वणवा म्हणजे हलणारी लाल-केशरी माळ. दहा मिनिटे एकाच जागी स्थिर असलेला पिवळा दिवा बहुधा पाड्यावरचा. माघी पौर्णिमेला मलंगगडाच्या पायऱ्यांवर दिसणारी दिव्यांची रांग ही यात्रा आहे, हे नवीन राहायला आलेल्यांनी लक्षात ठेवलेले चांगले.

उपग्रहांचाही उपयोग होतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे इशारे वनकर्मचाऱ्यांना पाठवते, आणि नाव नोंदवले तर सामान्य माणसालाही मिळतात. पण नकाशावरचा एक ठिपका म्हणजे कधी पावणेचारशे मीटरचा, कधी किलोमीटरभराचा चौकोन असतो. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळांनाच डोक्यावरून जातो. मधल्या वेळात लागून विझलेली आग त्याला दिसतच नाही, आणि कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या मात्र दिसू शकतात. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. गेल्या काही मिनिटांत वीज आसपास कुठे पडली ते त्यावर कळते. लेखकाने त्या रात्री ते उघडले असते तर त्याची आणि बिबट्याची अब्रू वाचली असती.

सगळ्यांत कामाची युक्ती मात्र शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकी वनखात्यातल्या विल्यम ऑस्बोर्न यांनी टेहळणी मनोऱ्यांसाठी एक उपकरण बनवले. गोल नकाशा, त्याभोवती अंशांची कडी आणि नेम धरायची पट्टी. एका मनोऱ्यावरून धुराची दिशा अंशांत घ्यायची, दुसऱ्यावरूनही घ्यायची. नकाशावर दोन रेघा जिथे कापतात तिथे आग. आपल्याकडे मनोरे नाहीत, पण गॅलऱ्या आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइलचे होकायंत्र आहे. शिवाय ठाण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच पडते, त्यामुळे बेरीज-वजाबाकीही नको. फक्त लोखंडी कठड्यापासून फोन चार हात लांब धरायचा. पहिल्या दिवशी लेखकाने तो कठड्याला टेकवला आणि वणवा थेट अरबी समुद्रात दाखवला.

अंश घेतले, खालचा रस्ता किंवा पाडा पाहिला, ज्वाळा कोणत्या दिशेने सरकताहेत ते पाहिले, की वनविभागाचा १९२६ किंवा अग्निशमनचा १०१ फिरवायचा. चित्रफीत त्यानंतर.

वर मात्र जायचे नाही. चढावर आग भराभर वर धावते, कारण तिची झळ वरचे गवत आधीच वाळवून ठेवते. ११ मार्च २०१८ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा गट अशा गवताच्या वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जण दगावले. आपण डोंगरात असतानाच धूर दिसला तर आगीच्या वरच्या अंगाला आणि घळीत थांबू नये. बाजूने निघून उघड्या कातळाकडे किंवा आधीच जळून थंड झालेल्या पट्ट्याकडे जावे. विझवायचे काम हिरव्या फांद्या, ब्लोअर आणि आग अडवणाऱ्या जाळरेषा वापरणाऱ्यांचे. हौशी माणूस तिथे त्यांचीच चिंता वाढवतो.

गेल्या एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास डोंबिवलीहून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, मलंगगडाच्या अंगाला लाल दिसतंय. एकशे त्रेचाळीस अंश. कठड्यापासून लांब धरलाय फोन.” त्यांची बहीण अंबरनाथला राहते. तिच्या गच्चीवरून आले एकशे नव्वद. लेखकाने ठाण्यात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून फूटपट्टीने दोन रेघा ओढल्या. त्या गडाच्या पायथ्याशी, शेतांना लागून कापल्या. वहिनींनी १९२६ला ठिकाण सांगितले. पाऊण तासाने तिकडून उलट फोन आला. एका शेतकऱ्याने वारा पडल्यावर भातरोपांसाठी राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजायला घेतला होता, आणि तो पाण्याचा हंडा शेजारी ठेवून बांधावर बसून होता.

तोवर वहिनींच्या सोसायटीच्या गटावर कोणीतरी लिहिले होते, ‘मलंगगडावर वीज पडली का?’ वहिनींनी उत्तर टाकले, ‘राब आहे. झोपा.’