ओढा आणि नदी

लोणावळ्याच्या डोंगरांत पडलेल्या पावसाला दोन वाटा फुटतात. पूर्वेकडे वळलेले पाणी इंद्रायणी होऊन देहू-आळंदीवरून जाते व तुळापुरास भीमेला मिळते. तीच भीमा पंढरीस आपली चंद्रभागा. पश्चिमेकडे वळलेले पाणी उल्हास होऊन कर्जत, बदलापूर करीत कल्याणास येते, आणि खाडीवाटे वसईपाशी समुद्रास मिळते. आकाशातून पडले तेव्हा दोन्हीकडचे पाणी एकच होते.

मग ओढा आणि नदी यांत भेद कोणता? नदीचे पात्र रुंद, वाट लांबची. ओढा अरुंद, वाट आखूड. पावसाळा सरला की बहुधा आटतो. पण उताराने वाहणे आणि मोठ्या पाण्यास जाऊन मिळणे, हा धर्म दोघांचाही एकच. ओढ्यांवाचून नदी भरत नाही.

आपली वालधुनीच पाहा ना. अंबरनाथच्या डोंगरातून निघून ती शके ९८२ च्या, म्हणजे सन १०६० च्या, शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरावरून कल्याणास उल्हासेला मिळते. तिच्यात कारखान्यांचे नि वस्त्यांचे सांडपाणी सोडले गेले, आणि लोक तिला नाला म्हणू लागले. नदीचा नाला पावसाने केला नाही, आपण केला.

चंद्रभागेला आम्ही हात जोडतो आणि दारच्या ओढ्यात निर्माल्याची पिशवी भिरकावतो, हे कसे? ओढ्यात टाकलेले ओढ्यापाशी थांबत नाही, बाबांनो. ते नदीतच जाते.