धूसर चित्र साफ करणारं गणित

१९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली. जमावाने एका ट्रकचालकाला भर रस्त्यात खाली ओढून बेदम मारलं. हेलिकॉप्टरमधून त्याचं चित्रीकरण झालं, पण एका हल्लेखोराच्या हातावर दिसत होता तो नुसता एक पुसट डाग. गणितज्ञ स्टॅन्ली ओशर आणि लिओनिड रुडिन यांच्या कॉग्निटेक कंपनीने ते चित्र गणिती पद्धतीने साफ केलं. तो डाग म्हणजे गुलाबाचं गोंदण निघालं आणि न्यायालयात ते पुरावा म्हणून वापरलं गेलं.

ओशर काही छायाचित्रणातले तज्ज्ञ नव्हते. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९६६ साली पीएचडी घेतल्यानंतर त्यांची कित्येक वर्षं आघात-लहरींच्या समीकरणांत गेली. ध्वनीपेक्षा वेगवान विमानापुढे हवेचा दाब जिथे एकदम उडी घेतो, त्या जागेचं हे गणित. चित्रातल्या वस्तूच्या कडेशी उजेडही अशीच उडी घेतो, हे रुडिन यांच्या लक्षात आलं होतं. तोवरच्या पद्धती चित्रातली खरखर काढायला जात आणि कडाही पुसून टाकत. रुडिन, ओशर आणि इमाद फातेमी यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘टोटल व्हेरिएशन’ पद्धतीत खरखर जाते, कड टिकते. २०१४ साली सोलच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत ओशर यांना गाऊस पारितोषिक मिळालं.

‘गणित घेऊन पुढे करणार काय? शिकवण्या?’ असं विचारणाऱ्या पालकांनी हा प्रवास जरूर पाहावा.

धूसर चित्रावरून मूळ चित्र शोधणाऱ्या गणिताच्या या शाखेचं नाव इन्व्हर्स प्रॉब्लेम्स. तयार आमटीची चव घेऊन तिच्यात काय आणि किती घातलं ते ओळखावं, तसा हा प्रकार: परिणाम हाती आहे, कारण शोधायचं आहे. अडचण अशी, की मोजमापातली किरकोळ चूक उत्तरात प्रचंड होऊन बसते. ती आवरण्याच्या युक्त्या शोधणं हेच या संशोधकांचं मुख्य काम.

सीटी स्कॅन हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. शरीरातून आरपार गेलेल्या क्ष-किरणांवरून आतलं चित्र उभं करायचं. त्यामागचं सूत्र योहान राडोन यांनी १९१७ सालीच सिद्ध केलं होतं, तेही शुद्ध गणित म्हणून. लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला १९७१ मध्ये. त्याच वर्षी आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी चित्र उभारण्याची सोपी, वेगवान पद्धत प्रसिद्ध केली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही ‘राम-लॅक फिल्टर’ म्हणून शिकवली जाते.

वाट कोणती? बारावीनंतर पुण्याच्या आयसरमध्ये बीएस-एमएस, किंवा चांगल्या महाविद्यालयात गणितात बीएस्सी आणि मग ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी. टीआयएफआरच्या बेंगळुरू केंद्रात तर याच विषयावर संशोधन चालतं. १९९३ पासून चालणारं एमटीटीएसचं (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिर बीएस्सीच्या मुलांनी चुकवू नये. पाठांतराची सवय तिथे मोडते. ‘इमेज प्रोसेसिंग’ नावाच्या झटपट कोर्सचे पैसे मात्र वाचवावेत. रेषीय बीजगणित, विश्लेषण, फूरिये रूपांतर, आंशिक विकलन समीकरणं आणि संभाव्यता पक्की हवी, जोडीला पायथन.

आता पैशाचं. बारावीपासून पीएचडी हाती येईपर्यंत दहा वर्षं सहज जातात, हे घरात आधीच बोलून ठेवावं. पण पीएचडीची वर्षं बिनपगारी नसतात: २०२३ पासून कनिष्ठ संशोधनवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. नंतर ती ४२,००० होते. प्राध्यापकाच्या जागा कमी आणि नेमणुका रेंगाळणाऱ्या, हेही खरं. मात्र स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्या, भूकंपलहरींवरून तेल शोधणारे, उपग्रहचित्रांवर काम करणारी इस्रोची केंद्रं या सगळ्यांपुढे याच जातीचे प्रश्न असतात.

मुलाला किंवा मुलीला हे झेपेल का, याचा अंदाज घरीच घेता येतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात मोबाइलवरचा एखादा फोटो पायथनने मुद्दाम धूसर करावा, त्यात थोडी खरखर मिसळावी आणि सरळ उलटी क्रिया करून मूळ फोटो मिळतो का पाहावं. मिळत नाही, पडदाभर नुसते ठिपके येतात. ते का आले, हे शोधायला जी मुलं जेवण विसरून बसतील, त्यांना ही चूक आवरणारी गणितज्ञ तिखोनोव्ह यांची पद्धत वाचायला द्यावी.