दूर राहून गावासाठी काय करता येतं?

प्रश्न : मी अंबडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला एका कारखान्यात अभियंता आहे. पगार चांगला, तब्येत चांगली. पण फोनवर म्हणतो, "आप्पा, इथं मन लागत नाही. आपल्या गावासाठी काही करावं वाटतं, पण इतक्या लांबून काय करणार?" परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनी तिकडं राहून खरंच काही केलंय का, की हे सत्काराच्या भाषणातच बोलायचं? आणि माझ्या मुलानं सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, अंबड

उत्तर : गुरुजी, केलंय, आणि पुष्कळ केलंय. पण पहिलं उदाहरण मी उलट्या वाटेचं देतो, कारण ते तुमच्याच जिल्ह्यात आहे आणि त्यातला पैसाही जर्मनीचा आहे.

जालना तालुक्यातलं कडवंची तुम्ही पाहिलं असेल. तिथं १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद् आणि जलसंधारणाचं काम झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं गावात राबत होती. गावानं श्रमदान करायचं, डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत, झाडं तोडायची नाहीत, या अटी होत्या आणि गावानं त्या पाळल्या. पुढं शेतकऱ्यांनी शेततळी केली, द्राक्षं लावली. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी त्या डोळ्यांदेखत तोडल्या, त्या वर्षी कडवंचीतल्या बागा शेततळ्यांच्या पाण्यावर तगल्या.

हा कार्यक्रम उभा करण्यात फादर हर्मन बाखर यांचा मोठा वाटा. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. तेही परदेशातच राहत होते; त्यांचा परदेश म्हणजे आपला नगर जिल्हा. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये त्यांनी आयुष्य घातलं, आणि जर्मनीतून आलेला पैसा कुठं, कोणाच्या हातून, कोणत्या अटीवर खर्च व्हावा हे त्यांना त्या मुक्कामामुळं कळलं. नुसता पैसा आला असता तर चार बंधारे झाले असते आणि पहिल्या मोठ्या पावसात दोन वाहून गेले असते.

आता आपल्या माणसांकडं येऊ. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई परत आल्या, पण काम सुरू होण्याआधीच १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. रमाबाई अमेरिकेतच थांबल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून विकलं, आणि १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या नावानं एक संस्था उभी राहिली. तिनं दहा वर्षं मदत द्यायचं वचन दिलं. त्या आधारावर १८८९ साली मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी 'शारदा सदन' सुरू झालं. मला इथं महत्त्वाची वाटते ती दहा वर्षांची मुदत. एकदाच मोठी देणगी देऊन छायाचित्र काढणं सोपं असतं. पुढच्या दहा वर्षांचं धान्य, शिक्षकांचे पगार आणि घरभाडं यांची हमी कोणी घेतली, तर जागेवरचा माणूस निर्धास्त होऊन काम करतो.

अलीकडचं हवं असेल तर अमेरिकेतलं महाराष्ट्र फाउंडेशन घ्या. १९७८ साली तिथल्या मराठी मंडळींनी ते सुरू केलं. १९९४ पासून त्यांचे साहित्य आणि समाजकार्याचे पुरस्कार इकडं दिले जातात. आडगावात एकट्यानं काम करणाऱ्या कितीतरी माणसांना त्या पुरस्कारानं नाव मिळालं आणि नावाबरोबर मदतही आली.

तुम्ही शेतकऱ्यांच्या गावात आयुष्य काढलंय, म्हणून सांगतो. मोसंबीचा डोळा आपण आपल्या मातीत तग धरणाऱ्या जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरच बांधतो. परदेशातल्या मदतीचंही तसंच आहे, तिला इथला खुंट लागतो. म्हणून मुलाला सांगा, आधी काम शोधू नकोस, माणूस शोध. अंबड तालुक्यात कोणी वाचनालय चालवतंय का, कोणी ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं सांभाळतंय का, एखादी मुख्याध्यापिका शाळा सुटल्यावर मुलं थांबवून शिकवतेय का, हे त्यानं आधी बघावं. असा माणूस सापडला की त्याला एकच विचारायचं, "तुम्हाला काय कमी पडतं?" आपल्या मनातली योजना त्याच्या गळ्यात घालायची नाही.

ऊसतोडीचा विषय मी मुद्दाम काढला. अंबड-घनसावंगी पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्यांच्या फडावर जातात, हे तुमच्या हजेरीपटानं तुम्हाला दरवर्षी दाखवलंय. मूल गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय सरकारनं केलेली आहे. पण आजीजवळ ठेवलेल्या मुलीचा संध्याकाळचा अभ्यास कोण घेणार, तिला चष्मा लागला तर कोण करून देणार, हे प्रश्न राहतातच. यासाठी लागणारी रक्कम छोटी आहे, आणि दरवर्षी लागणारी आहे. श्टुटगार्टच्या पगारातून ती सहज निघेल.

पैशाहून मोठी एक गोष्ट तुमच्या मुलाकडं आहे : माहिती. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही. मात्र तुमचा मुलगा राहतो त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. हे ठाऊक नसल्यामुळं आपल्याकडची कुटुंबं एजंटांना लाखांनी पैसे देतात. त्याच राज्याशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यामुळं जर्मनीला जाऊ पाहणारी पोरं आता तालुक्यातालुक्यात विचारत फिरतील. तुमच्या मुलानं पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी तासभर, आपल्या जुन्या शाळेतल्या दहावी-बारावीच्या मुलांशी व्हिडिओवर बोलावं. काय शिकलो, कुठं अडलो, भाषा कशी आली, कोणत्या कागदाला किती दिवस लागले, हेच सांगावं. एखाद्या घरचं शेत गहाण पडायचं यानं वाचू शकतं.

आता त्याचं मन. याचं उत्तर गावच्या कामात पूर्ण मिळणार नाही, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. ज्या शहरात तो रोज उठतो तिथलाही तो थोडा झाला पाहिजे.

याचं उदाहरण म्हणजे वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज त्यांना परत येऊ देईनात. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराणात लढले, बर्लिनला राहिले आणि १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. मायदेश बंद, भाषा परकी. कुढत बसायला याहून सबळ कारण कोणाला मिळालं असेल? त्यांनी चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवायला घेतलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यानं आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं, भाकरी वाटणाऱ्या पंगतीत. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोला २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्यानं देशासाठी घर सोडलं, त्यानं दुसऱ्याच्या देशातल्या शेतकऱ्याला आपला मानलं, आणि त्यात त्याची देशभक्ती कुठं कमी झाली नाही. मला खानखोज्यांचं हे फार मोठं वाटतं.

मग श्टुटगार्टला तुमचा मुलगा काय करेल? जर्मनीत 'फेराइन' म्हणजे नोंदणीकृत मंडळं गल्लोगल्ली असतात. खेळाची, गाण्याची, बागांची, शेजाऱ्यांच्या मदतीची. आग विझवण्याचं कामही तिथं बहुतांश ठिकाणी स्वयंसेवकच करतात. यातल्या एका मंडळात त्यानं नाव घालावं. भाषा सुधारेल आणि शनिवार रिकामा जाणार नाही. मराठी मंडळींचा गणपती असेल तिथं जावंच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, ते उगाच नाही. पण फक्त मराठी घोळक्यात राहिला तर कारखान्यातून घर आणि घरातून मोबाइल, एवढंच जग उरेल.

शेवटी पैशाचे नियम, कारण इथं भलेभले चुकतात. त्याचं पारपत्र भारतीय आहे तोवर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत त्यानं संस्थेला दिलेली देणगी 'विदेशी देणगी' धरली जात नाही. उद्या त्यानं जर्मन नागरिकत्व घेतलं, तर भारतीय नागरिकत्व सुटतं. जर्मनीनं २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली असली, तरी आपला कायदा ते मानत नाही. मग त्याची देणगी विदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेकडं विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. त्याच्या जर्मन मित्रांच्या पैशालाही हाच नियम. मित्रांकडून गोळा करून आपल्या खात्यातून पुढं पाठवायचं, हा मार्ग कधीही धरू नये. त्यात तो अडकेल आणि संस्थाही अडकेल. रोख तर मुळीच देऊ नये, आणि पावती प्रत्येक वेळी घ्यावी.

आणि गुरुजी, एक काम तुमच्यासाठी. मुलाला तिथून इथला माणूस सापडणार नाही, तो तुम्ही शोधायचा. चार शाळा, दोन वाचनालयं पायी फिरून या, कोण मनापासून करतंय ते तुमच्या नजरेला लगेच कळेल. तुमच्या शाळेतून बाहेरगावी, बाहेरदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची एक वही घाला : नाव, गाव, काय करतो, फोन. तालुक्यातल्या इतर मुख्याध्यापकांनीही ती घालावी, ही माझी त्यांना विनंती आहे.